सीताफळाला टांगलेले मासे

आमच्या घराची पाठ बिभीषणच्या सीताफळाच्या बागेला लागून आहे, आणि उन्हाळाभर वारा मावळतीकडून येतो. म्हणजे आधी बागेवरून, मग आमच्या स्वयंपाकघरातून, मग गावात. जो वास गावाला शिळा होऊन मिळाला, तो आम्ही ताजा घेतला. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

राहुरीकडून श्रीरामपूरला जाताना कालव्याच्या शेपटाला आमचं गाव आहे. कालव्याला पाणी आलं की गावाला ऊस आठवतो, नाही आलं की देव आठवतो. अशा गावात बिभीषणने सीताफळ लावलं. झाडं इतकी देखणी वाढली, की श्रीरामपूरहून येणारे पाहुणे गाडी थांबवून त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. फुलंही भरपूर यायची. खाली माना घालून लटकायची आणि काही दिवसांनी गळून जायची. वऱ्हाड यावं, जेवावं, पान खावं आणि नवरदेवच नाही हे शेवटी कळावं, असा तो प्रकार होता. फळ म्हणून जे काही लागायचं ते घरच्या देवाला पुरायचं. देव फार खात नाही, म्हणून.

बिभीषणचा थोरला भाऊ काकासाहेब. दोघांची चूल वेगळी, सातबारा मात्र एक. काकासाहेबाचे कपडे दुधासारखे पांढरे असतात आणि तो शेतात उतरत नाही, बांधावर उभा राहतो. बांधावर उभं राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं शेत फार स्पष्ट दिसतं. चैत्रात एका सकाळी त्याने आमच्या ओट्यावर, माझा चहा पीत, निकाल दिला.

"हे बघ बिभीषण. नागपंचमीपर्यंत झाडाला फळ दिसलं तर बाग तुझी. मी परत नाव काढनार न्हाई. न्हाई दिसलं तर जेसीबी घालतो आन् ऊस लावतो."

"दादा, झाडं लेकरावानी वाढवली हाईत."

"मग लेकरावानी कमवून आनूदे की त्यांना."

साक्षीदार दोन होते. मी, आणि मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एलिया सर. सरांनी मान डोलावली. ते कुणाच्याही बोलण्याला मान डोलावतात. वर्गात शेवटच्या बाकावरून उत्तर येईपर्यंत मान डोलावत राहायची त्यांना सवय लागली आहे.

कृषी सहायक येऊन म्हणाला होता, फुलातली पावडर फुलाला लागत नाही, म्हणून फळ धरत नाही. हाताने लावा. मग बिभीषणची बायको सविता रंगाचा ब्रश घेऊन रोज पहाटे बागेत जायला लागली. या फुलाची पावडर त्या फुलाला. मान वर करून करून तिला सरळ बघता येईना. आमच्या दारात आली तरी आमच्या कौलांशी बोलायची.

"अण्णा, एवढ्या झाडांना मी किती पुरनार? माझी मान जाईल, बाग ऱ्हाईल तशीच."

अशा वेळी कल्याण नावाचा तिचा भाऊ मुक्कामाला आला. तो कोकणात ट्रक घेऊन जातो. त्याने जेवताना सांगितलं की तिकडे आंब्याला मोहोर आला की काही बागवाले झाडांना कुजकी मासळी टांगतात. वासाने माश्या येतात, मोहोरावर बसतात आणि आंबा धरतो. बिभीषणने हातातला घास ताटात ठेवला.

"पर ते आंब्याचं झालं," सविता म्हणाली.

"माशी ती माशी," बिभीषण म्हणाला. "आंब्याला चालते तर सीताफळाला काय जात विचारनार हाय का?"

अडचण एकच होती. बिभीषण माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. बाजारातही मासळीच्या बाजूने जायचं झालं तर रस्ता ओलांडणारा. त्यामुळे काम एलिया सरांकडे आलं. सरांना मासा म्हणजे जीव की प्राण. मुळा धरणाची मरळ लांबून बघूनही ते तिचं वय सांगतात.

"सर, खराब झालेली मासळी आना. लई खराब. जितकी घान तितकी चांगली."

सर राहुरीच्या बाजारात गेले आणि कोळणीला म्हणाले, बाई, खराब मासा द्या. तिने कोयता खाली ठेवला. "माझ्याकडं खराब मिळत न्हाई," म्हणाली. दुसरीकडे गेले, तिनेही तेच सांगितलं. जगात कुठल्या मासळीवालीने आपला मासा खराब आहे असं कबूल केलंय? शेवटी सरांनी ताजे रोहू, कटला, चिलापी आणि एक मरळ घेतली. येताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू जिवंत माणसाला पुरायला आणलंय.

टांगण्याचा कार्यक्रम मी पाहिला. कांद्याच्या लाल जाळीच्या पिशव्यांत मासे भरलेले. बिभीषण झाडाकडे पाठ करून उभा, आणि खांद्यावरून मागे काठी दाखवून सांगतोय, "सर, त्या फांदीला. न्हाई, तिच्या वरच्या." सर एकेक पिशवी बांधतायत आणि प्रत्येक पिशवीशी थोडं थांबतायत.

"सर, हुतं त्याच्यापेक्षा कमी वाटतंय," बिभीषण पाठमोराच म्हणाला. त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं, पण हिशेबात माळकरी कच्चा नसतो.

"एक मरळ माझ्या हातून सुटली."

"कुठं?"

"आमच्या मरियाच्या कढईत."

बिभीषणने माळेला हात लावला. मग काठीने पुढची फांदी दाखवली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पिशव्यांतून पाणी ठिबकायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी सकाळी दार उघडलं आणि परत लावलं.

त्या वासाचं वर्णन करायला नको, पण मी तो घेतलेला आहे, तेव्हा वाचणाऱ्याने थोडा घ्यायला हरकत नाही. तो नाकाने येत नव्हता, घशाने यायचा. ताकात यायचा. धुतलेल्या चादरीत यायचा. रात्री उशी उलटी केली की दुसऱ्या बाजूने यायचा. माझ्या बायकोने उदबत्त्या लावल्या, तेव्हा देवळात मासा मेल्यासारखं वाटायला लागलं. मग तिने त्या विझवल्या आणि नुसता मासा मेलेला बरा, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

माश्या आल्या. भरपूर आल्या. निळ्या, हिरव्या, चकाकणाऱ्या. पिशव्यांवर थर बसला. त्या एकमेकींवर चढत होत्या आणि सबंध पिशवी हलल्यासारखी दिसायची. पण सीताफळाच्या फुलाकडे एक माशी फिरकली नाही. पिशवीवर जागा नाही मिळाली की त्या थेट आमच्याकडे यायच्या. भातावर, दुधावर, जावयाच्या कपाळावर. जावई दोन दिवसांसाठी आला होता. दुपारच्या गाडीने गेला.

कुत्री झाडांवर उड्या मारत होती. एका मांजरीला पिशवी काढता आली आणि तिने ती आमच्या ओट्यावर आणून खाल्ली. उरलेलं तिथेच ठेवून गेली. बिभीषणला मी ते दाखवलं. त्याने दुसरीकडे तोंड करून पाहिलं.

"माश्या आल्या ना?" एवढंच विचारलं.

"आल्या."

"मग धरतंय फळ."

काकासाहेब नाकाला रुमाल लावून बांधावर आला. पांढऱ्या रुमालावर त्याने अत्तर टाकलं होतं, त्यामुळे आता तीन वास झाले, माशाचा, अत्तराचा आणि दोन्ही मिसळून झालेला.

"ही बाग हाय का मसनवटा?"

"दादा, प्रयोग चाललाय."

"माळ घालून मासे टांगतो. आई असती तर तुला टांगला असता."

आता काकासाहेबाचं स्वतःचं सांगायला पाहिजे. त्याने शेजारच्या तुकड्यात त्या वर्षी खरबूज लावलं होतं. मोबाईलवर कुणीतरी खरबुजाचा व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक तरुण शेतकरी नव्या गाडीला टेकून हसत होता. तो व्हिडिओ तालुक्यात सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी खरबूज लावलं. माल निघाला तेव्हा व्यापारी फोन उचलेना. खरबूज शेतातच पिकलं, फुटलं, बसलं. काकासाहेबाने ते मजुरांना फुकट दिलं. मजुरांनी दुसऱ्या दिवशी कामाला यायचं बंद केलं. जनावरांना घातलं, तर म्हशीही मान फिरवायला लागल्या.

ते नासकं खरबूज लांब नेऊन टाकण्यापेक्षा त्याने एक दिवस ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतली आणि सगळं बिभीषणच्या बागेत, बांधाच्या कडेने, पहिल्या ओळीच्या मुळाशी ओतलं.

बिभीषण पळत आला. "दादा, हे काय?"

"खत. तुझ्या माशाला तोंडी लावायला."

माशाचा वास निदान एका दिशेने येत होता. खरबुजाचा वास गोड होता, आणि तेच वाईट. पिवळं पाणी, त्यावर फेस, फेसावर चिलटं. शिळी दारू, गुळाची काहिली आणि आजाऱ्याची खोली एकत्र केल्यासारखं. माशाच्या वासाने ओकारी यायची. खरबुजाच्या वासाने आधी भूक लागायची आणि मग ओकारी यायची. दोनदा फसवणूक. गावात पारावर वाद सुरू झाला की यातला जास्त घाण कुठला. एलिया सरांचं मत मासा निदान प्रामाणिक आहे असं होतं. पण त्यांचं मत कुणी धरत नव्हतं, त्यांचा त्यात जीव गुंतलेला.

शेवटी लोक सरपंचाकडे गेले. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सगळे नाकाला उपरणं लावून बोलत होते, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं आणि बैठक फार शांततेत झाली. ठरलं असं, की दोन्ही घाणी उचलाव्यात.

"त्यानं आधी मासे काढावे. मग मी खरबूज उचलतो," काकासाहेब म्हणाला.

"दादानं आधी खरबूज उचलावं. मग मी मासे काढतो," बिभीषण म्हणाला.

दोघा भावांचं एकमत झालं, एवढंच त्या बैठकीत झालं. सरपंच म्हणाले, आठ दिवसांत दोन्ही बाजूंनी विचार करावा. वासाला आठ दिवस मिळाले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सविता आमच्या मागच्या दाराने आली. तिची मान आता बरी झाली होती, कारण फुलांना ब्रश लावणं तिने सोडलं होतं. घरात दोघेच आहोत ना ते पाहिलं आणि पदराच्या टोकातून तिने सीताफळाचं एक फूल काढलं. जाड पाकळ्या बोटांनी उलगडल्या. आत तिळाएवढे काळे किडे होते, तीन-चार, अंगाला पिवळी पावडर लागलेले. उजेड लागताच ते फुलाच्या बुडाशी सरकले.

"कुठलं फूल हे?"

"बांधाकडच्या वळीचं. तिथं समद्या फुलात हाईत. मधी जाऊन बघितलं, माशाजवळ, तिथं एकात न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् अण्णा, खरबूज पलटून बघितलं. त्याच्याखाली हेच. मुठीनं भरावं इतकं."

माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी फूल हातात घेतलं. फुलालासुद्धा खरबुजाचा वास येत होता की माझ्या नाकात तो कायमचा बसला होता, ते सांगता येत नाही.

"बिभीषणला सांगितलंस?"

"त्यांना मासाच पायजे. मासा न्हाई म्हनलं तर ते चार दिवस जेवनार न्हाईत." ती उंबऱ्यावर बसली. "मला वेगळी काळजी हाय. भावजी आता गावाच्या भीतीनं खरबूज उचलतील. ह्या आठ दिसांत फुलं भरात हाईत. उचललं की संपलं."

"मग त्याला सांग, ठेव म्हणून."

सविताने माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्या सुनेकडे सासू पाहते.

"मी म्हनलं ठेवा, तर ते आजच उचलतील. नांगर घालून उचलतील."

संध्याकाळी मी कुंपणाशी उभा होतो. सविता बांधावर गेली. काकासाहेब पलीकडे उभा होता. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि अशी काही रडवेली झाली, की मी तिला ओळखतो म्हणून, नाही तर मीच खरबूज उचलायला गेलो असतो.

"भावजी, पाया पडते, तेवढं खरबूज उचला. बागेचं वाटुळं झालं. मुळ्या कुजायला लागल्या."

"कुजू दे. कुजायलाच टाकलंय."

"निदान बाकीच्या तीन बांधांला तरी टाकू नका. तिकडची झाडं अजून बरी हाईत. ती गेली तर आमी कुठं जावं?"

काकासाहेबाने रुमाल नाकावरून खाली घेतला. तिन्ही बांधांकडे एकदा नजर टाकली. हा विचार त्याच्या डोक्यात आधी कसा आला नाही, याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बघू," तो म्हणाला.

सकाळी उठलो तर ट्रॉल्या चालू होत्या. शेतातलं उरलंसुरलं सगळं, वेलांसकट, तीन बांधांना ओतलं गेलं. सविता बागेच्या मध्ये उभी राहून "नका हो भावजी" म्हणत होती. ट्रॅक्टरच्या आवाजात तिचं ऐकू जात नसेल म्हणून मध्ये मध्ये मोठ्याने म्हणत होती. बिभीषण कपाळाला हात लावून बसला होता. त्याचं दुःख खरं होतं, आणि त्यामुळे सगळ्या प्रकाराला चांगला रंग आला.

त्या आठ दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. आम्ही जेवण एलिया सरांकडे करत होतो. त्यांच्याकडेही मासाच होता, पण तळलेला.

नागपंचमीला जेसीबी आला. काकासाहेब शब्दाचा पक्का, विशेषतः शब्द त्याच्या बाजूचा असला तर. मी आणि सर साक्षीदार म्हणून गेलो. तोपर्यंत माशांच्या पिशव्यांत काटे उरले होते आणि खरबुजाचा काळा चोथा झाला होता. काकासाहेब पुढे चालला, पहिल्या ओळीशी आला आणि थांबला.

झाडाला लिंबाएवढी सीताफळं लागली होती. फांदीला फांदी भरून. चारही बांधांकडच्या ओळी अशाच. आत गेलो तर झाडं विरळ, आणि अगदी मधे, जिथे मासे टांगले होते, तिथे पिशव्यांशिवाय झाडाला काही नव्हतं.

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. काकासाहेब एका फळाला बोटाने टिचकी मारून बघत होता. ते पडलं नाही.

"मासोळीची किरपा," बिभीषण म्हणाला. माळ धरून म्हणाला.

"मग मधल्या झाडाला का न्हाई किरपा?"

"मधी वास लई झाला दादा. झाडं दबली. कडंला बेतानं गेला, तिथं धरलं."

काकासाहेबाने बांधाकडे पाहिलं, चोथ्याकडे पाहिलं, परत फळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता याला कळतंय. सविताचा हात पदरावर घट्ट झालेला मला दिसला. पण माणसाने वाईट करायला टाकलेल्या गोष्टीतून चांगलं झालं असेल, हे त्याच्या मनात येणं सोपं नसतं. त्यातून ते भावाचं चांगलं. त्याने मान हलवली.

"मासाच आसंल," म्हणाला. "बाग ठेव."

जेसीबी आणलाच होता म्हणून त्याने आपल्या उकिरड्याचा खड्डा काढून घेतला.

दिवाळीच्या आधी फळ तयार झालं. नवं पीक आलं की पहिला वाटा भावकीत आणि शेजारी द्यायचा, त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. सविताने पहिली पाटी काकासाहेबाकडे नेली. दुसरी आमच्याकडे आली. जे लोक पारावर नाकाला उपरणं लावून बसले होते, ते सगळे वानवळा मिळेल म्हणून बिभीषणच्या ओट्यावर पिशव्या घेऊन बसले. सरपंच दोन पिशव्या घेऊन आले, एक तालुक्याला द्यायची म्हणून.

मी एक फळ उलगडलं. आत पांढरा गर, त्यात काळ्या बिया, ओळीने बसलेल्या, फुलातल्या त्या किड्यांसारख्या. माझ्या हातातून ते ताटात पडलं. बायकोने उचललं, खाल्लं, छान आहे म्हणाली. मीही मग एक फोड खाल्ली. गोड होती. गिळताना घशात तो जुना वास एकदा येऊन गेला, जसा न सांगता येणारा पाहुणा दारातून डोकावून जातो. दुसरी फोड मी घेतली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बिभीषणने कृषी मेळाव्यात जाऊन माशावर भाषण केलं. आता गावात डाळिंबाला मासे टांगलेले आहेत, पेरूला आहेत, लिंबाला आहेत. एकाने वांग्यावर टांगलेत. एलिया सर बाजारच्या दिवशी टेम्पो करून राहुरीला जातात आणि येताना सगळ्यांचे मासे आणतात. प्रत्येक फेरीला एखादी मरळ त्यांच्या हातून सुटते. वारा आता कुठल्याही बाजूने आला तरी चालतो.

माझ्या बायकोने एकदा म्हटलं, सांगून टाका ना लोकांना खरं काय ते. मी सविताला विचारलं. ती कांदा निवडत होती.

"सांगा की. पर खरं कळलं तर भावजी परत बांधाला काय टाकनार न्हाईत. न्हाई तर बागेत वाटा मागतील." तिने एक नासका कांदा बाजूला काढून ठेवला. तो टाकला नाही, बाजूला ठेवला. "तुमीच ठरवा अण्णा."

मी ठरवलं नाही. संक्रांत झाल्यावर एक दिवस कुंपणाशी उभा होतो, तेव्हा सविता बांधावर दिसली. पलीकडे काकासाहेब, पांढऱ्या कपड्यांत. तिने डोक्यावरून पदर घेतला.

"भावजी, एक इनंती हाय. औंदा तेवढं खरबूज लावू नका. मागच्या साली लई घान झाली आमच्याकडं."

काकासाहेबाने आपल्या मोकळ्या तुकड्याकडे एकदा वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खरबुजाच्या तुकड्यात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या दिसल्या.

मी श्रीरामपूरला जाऊन खिडक्यांना लावायची बारीक जाळी घेऊन आलो.